उजेडामागे फिरणारी शाळा

फाल्गुन लागला की आमच्या घरात पाठांतराचा आवाज सुरू होतो. पूर्वी पाढे असत, मग राजधान्या आल्या, मग संस्कृतचे शब्द. यंदा आमची थोरली, मंगल, डी.एड.च्या परीक्षेला बसते आहे. त्यामुळे न्हाणीघरापासून तुळशीपर्यंत सगळीकडे अध्यापनशास्त्र ऐकू येतं. परवा ती अंगणात येरझारा घालत घोकत होती, "एकाच वर्गातील भिन्न क्षमतेच्या विद्यार्थ्यांसाठी अध्यापकाने योजावयाचे उपाय. मुद्दे पाच." चार मुद्दे झाले आणि गाडी अडली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पडलो हेडमास्तर. चेहरा गंभीर करून मी आभाळाकडे बघितलं, कारण पाचवा मुद्दा मला येत नव्हता. खरं सांगायचं तर आधीचे चारही मी तिच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो.

सुपात धान्य पाखडता पाखडता तिची आई म्हणाली, "त्याहिले काऊन विचारतं? त्याहिले वाघानं शिकवलं. पुस्तकानं नाई."

सुशीला सिंदेवाहीची. चांदा शहरात इतकी वर्षं राहूनही तिनं आपली बोली सोडलेली नाही, आणि मला टोमणा मारायचा असला की ती बोली आणखी धारदार होते. पण ती बोलली ते खोटं नव्हतं. गल्लीच्या टोकाला, तळ्याच्या काठावर मोहाचं एक झाड उरलंय. या दिवसांत पहाटे त्याचा वास आमच्या खिडकीतून आत येतो. गोड, जड, किंचित आंबूस. लोक त्याला नाक मुरडतात. मी मात्र त्या वासाबरोबर थेट एका अंधाऱ्या खोलीत जाऊन बसतो.

या खोलीची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मी सुरू केली की धाकटा पाणी प्यायला उठतो आणि बरोबर वाघाच्या वेळी परत येतो. वाघ दर वर्षी थोडा वाढतो, असं मुलांचं म्हणणं आहे. असेल. मी तो वाघ कधी पाहिलाच नाही, त्यामुळे त्याच्या मापाबद्दल मी बांधील नाही. एकदा त्याच्या पावलाचा ठसा पाहिला होता, तोही दुसऱ्याच्या खांद्यावरून.

तेव्हा सगळा मिळून एकच चांदा जिल्हा होता. गडचिरोलीच्या पुढं, धानोऱ्याच्या वाटेवरून आत रानात शिरलं की कोसमटोला. धान पिकवणारी काही कुणब्यांची घरं, बाकी गोंडांची, आणि आजूबाजूच्या रानात विखुरलेले लहान लहान टोले, म्हणजे पाच-सात घरांच्या वाड्या. शाळा म्हणजे कुडाच्या भिंतींची एक खोली. त्या खोलीत चार वर्ग, आणि चारही वर्गांना मिळून एक मास्तर. तो मी. नुकतं लग्न झालेलं होतं. सुशीलेला मी सिंदेवाहीला तिच्या माहेरीच ठेवलं होतं. असल्या रानात बायको आणायची नाही, आधी बदली, मग संसार, असं मी सासऱ्यांना छाती पुढं काढून सांगितलं होतं. त्या काळी मला छाती होती, आणि तिच्याहून पुढं आलेल्या मिशा होत्या.

बदलीचा अर्ज दिवाळीतच दिला होता. शाळा तपासणारे आमचे डेप्युटी साहेब चांगले होते. म्हणाले, सिंदेवाहीकडे एक जागा होणार आहे, पण फाल्गुनात मी परीक्षेला येईन तेव्हा निकाल दाखवा, मग बोलू. मी आनंदानं परतलो. वाटेत एका जुन्या मास्तरांनी खरी गोष्ट सांगितली. निकाल वाईट लागला तर मास्तरला आणखी आत पाठवतात, भामरागडकडे. निकाल फार चांगला लागला तर इतकं चांगलं चाललंय, कशाला हलवा, म्हणून तिथंच ठेवतात. म्हणजे मला मधला निकाल लावायला हवा होता, आणि ती विद्या मला कुणी शिकवलेली नव्हती.

माघात तो आला. आधी एक गाय गेली. मग शेजारच्या टोल्यातला, सरपणाला गेलेला एक माणूस. गावातले जाणते गृहस्थ डोलूभाऊ शाळेत येऊन उभे राहिले आणि सांगितलं की आता पोरं एकेकटी ये-जा करणार नाहीत. ऊन वर आल्यावर मोठी माणसं ढोल वाजवत सगळ्या टोल्यांवरची पोरं आणून सोडतील, आणि ऊन उतरायच्या आत तशीच परत नेतील. मधल्या वेळात माणसं जथ्यानं रानात जातील, कारण मोह पडायला लागला होता आणि तो न वेचून चालण्यासारखं नव्हतं. तोवर पोरं शाळेत. दार बंद. खिडक्यांना तट्टे. लघवीलासुद्धा चौघांनी मिळून, एकानं थाळी वाजवत जायचं. "आणि तुमी पन बाहिर फिरू नोका, मास्तर," जाता जाता ते म्हणाले. "तुमी नवे हाव. तुमाले पाहून त्याले वाटंल का काई वेगळं खायले आलं."

शाळेत नाव नसलेली, नाक गळणारी धाकटी भावंडंही त्या घोळक्यात आली. दार लागलं. आत काळोख, मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल लावलेल्या केसांचा वास, ओल्या मातीचा, घामाचा वास. आणि माझ्याकडे वळलेले, अंधारात नुसते चकाकणारे डोळे.

माझ्या मास्तरकीबद्दल तोवर माझं मत फार चांगलं होतं. आता कळतं की माझी शाळा गळक्या मडक्यासारखी चालत होती. ज्या पोराला समजत नसे ते मधल्या सुट्टीत उठून रानात जायचं आणि उद्या यायचंच नाही. उरायचे ते समजणारे. त्या उरलेल्यांकडे बघून मी मिशीला पीळ भरायचो. आता मडक्याचं भोक बुजलं. न समजणारं पोरगंही माझ्यासमोर, समजणारंही माझ्यासमोर, आणि सगळ्यांच्या मधोमध मी. त्यांना जायला वाट नव्हती, मलाही नव्हती.

पहिले काही दिवस मी नुसता ओरडलो. ओरडून माझा घसा बसला. ही त्या वर्षातली पहिली चांगली गोष्ट घडली.

आवाजच नाही म्हटल्यावर मी बिरजूला पुढं केलं. बिरजू तिसरीत होता खरा, पण ओठावर लव फुटलेली होती. घरच्या गुरांमुळे शाळेत येणं अधूनमधूनच व्हायचं. गोंडी त्याची घरची, मराठी बाजारातली. मी कुजबुजत एक वाक्य सांगायचं आणि त्यानं ते पहिलीच्या पोरांना सांगायचं. मी एक वाक्य बोललो की तो चार बोलायचा, हात हलवायचा, आणि ती दिवाळीपासून खांबासारखी बसलेली पोरं हसायची आणि भराभर उत्तरं द्यायची. मला संशय आला. मी विचारलं, काय सांगितलंस रे त्यांना?

"तुमी सांगतलं तेच," तो म्हणाला. "फक्त आता त्याहिले समजून राह्यलं."

मग वर्ग मोडले. पहिली, दुसरी, तिसरी अशा रांगा मी पुसून टाकल्या आणि ज्याला दोन्ही भाषा येतात असं एक पोर मधे, भोवती बाकीची, अशी कोंडाळी केली. हे मी काही विचार करून केलं नाही. अंधारात रांगा दिसतच नव्हत्या.

मनकू नावाचा एक पोरगा होता. त्याला एका जागी बसता येत नसे. तो बसलेला असला तरी त्याचा एक तरी अवयव बाहेर गेलेला असे. दार बंद झाल्यावर तो भिंतीतला कूड उपटायला लागला. दोन दिवसांत आमच्या शाळेला नवी खिडकी पडली असती. मी त्याला धाक दाखवला, कोपऱ्यात उभं केलं, काही उपयोग नाही. शेवटी दोर वळायला आणलेला सालीचा भारा कोणी तरी तिथं टाकला होता, तो त्याच्या पुढ्यात ढकलला आणि म्हटलं, वळ. तो वळायला लागला. मांडीवर तळहात घासत, पीळ देत, आणि मी दुसरीकडे तेराचा पाढा घेत होतो. पाढा संपला तसा मनकू मान वर न करता म्हणाला, "गुरुजी, तेर साते चुकलं." त्या माझ्याच चुकीपासून मी त्याचे हात कधी रिकामे ठेवले नाहीत. हात गुंतले की त्याचे कान मोकळे होत. त्या वर्षी गावातल्या निम्म्या बैलांच्या गळ्यात मनकूचे पाढे होते.

आणि सोमी. ती दुसरीत, दाराजवळ बसणारी. तिला ऐकू येत नाही हे मला माहीत होतं, आणि म्हणून तिला काही येणार नाही हेही मी ठरवून टाकलं होतं. ती येते, बसते, जाते. हजेरीला बरी. कोंडून पडल्यावर मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं, कारण दुसरं पाहायला काही नव्हतं. ती पोरांच्या तोंडाकडे बघायची आणि त्यांचं बोलणं तिला कळायचं. बिरजू काही म्हणाला की ती पाटीवर लिहायची, वेडंवाकडं पण बरोबर. मी बोललो की मात्र तिचा चेहरा कोरा. मी जवळ जाऊन बोललो, सावकाश बोललो, तोंड वेंगाडून बोललो. कोराच. मला वाटलं, ही मला घाबरते.

बिरजू बराच वेळ चुळबुळत होता. मग म्हणाला, "गुरुजी, रागावू नोका. तुमचं तोंड दिसत नाई तिले."

अंधार आहे, मी म्हणालो.

"अंधार हाये. आणि ते केस बी हायेत."

मिशी ही काय चीज असते हे आजच्या मुलांना सांगून कळायचं नाही. मी ती कॉलेजात असल्यापासून वाढवली होती. लग्नाच्या फोटोत माझ्याआधी तीच दिसते. दोन दिवस मी तो विषय टाळला. मग एका सकाळी, ढोल यायच्या आधी, आरसा फटीजवळ धरून मी ती काढून टाकली. पोरं आली. आधी कुणी ओळखलंच नाही. सोमीनं मात्र माझ्या ओठांकडे पाहिलं, आणि मी "आंबा" म्हणालो तर तिनं आंबा लिहिलं. मी "बैल" म्हणालो, तिनं बैल लिहिलं. मी शब्द काढत गेलो, ती लिहीत गेली, आणि मधेच पाटी भरली म्हणून हसली.

दुपारी डोलूभाऊ पोरं न्यायला आले, मला पाहून थबकले, डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि खाली बसले. मग हलकेच म्हणाले, "कवा गेले?" मला कळेना. बाप गेल्याशिवाय मिशी काढत नाहीत, हे मी साफ विसरलो होतो. वडील वरोऱ्याला चांगले धडधाकट आहेत हे पटवून देता देता माझी पुरेवाट झाली. पुढं उन्हाळ्यात सासुरवाडीला गेलो तर सासूबाईंनी दारातच डोळ्याला पदर लावला होता. परवा मंगलला मी म्हटलं, पाचवा मुद्दा लिही, मिशी काढावी. तिनं लिहिला नाही. परीक्षक पुरुष असतात म्हणे.

मिशी गेली तरी अंधार होताच. मग छपराचे दोन कवेलू, म्हणजे कौलं, बाजूला सरकवले. उन्हाचा एक चौकोन खाली पडला, पाटीएवढा लख्ख. मी त्या चौकोनात उभा राहायचो, म्हणजे माझं तोंड उजळ, आणि सोमी समोर. पण ऊन काही एका जागी थांबत नाही. सकाळी तो चौकोन पश्चिमेच्या भिंतीला असायचा, मग खाली उतरून जमिनीवरून सरकत मधे यायचा आणि दुपार कलताना पूर्वेच्या कोपऱ्यात चढायचा. त्याच्यामागे मी, माझ्यामागे सोमी, सोमीमागे तिचं कोंडाळं, आणि ती सरकली म्हणून बाकीची. दिवसभरात सगळी शाळा त्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरायची. पोरांना वेळ कळायला लागली. चौकोन मधल्या खांबाला टेकला की भाकरी सोडायची. आपण हलून दुसऱ्यापर्यंत पोचावं लागतं, तो आपल्यापर्यंत येत नाही, हे मला तेव्हा पायांनी कळलं. डोक्यापर्यंत जायला वर्षं लागली.

हे सगळं लिहिताना फार सुरेख वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं. पोरं गेली की मी पुन्हा दार लावून त्याच खोलीत एकटा. बाहेर मोह टपटप पडायचा, त्याचा वास कुडाच्या फटींतून आत यायचा आणि हलायचाच नाही. एका फटीला डोळा लावला की बैलगाडीची चाकोरी दिसायची. ती गडचिरोलीला जायची. तिथून वैनगंगा, पलीकडे मूल, मूलहून छोटी रेल्वे आणि त्या रेल्वेच्या कडेला सिंदेवाही. मी त्या फटीतून रोज सिंदेवाहीला जाऊन यायचो. कुडाचा ठसा गालावर उमटायचा. दुसऱ्या दिवशी पोरं विचारायची, गुरुजी, रात्री कुठी झोपले?

परीक्षा जवळ आली तशी एक नवीच पंचाईत उभी राहिली. भिंतीवर अक्षरांचा छापील तक्ता होता. पहिलीची पोरं य, र, ल म्हणत यायची आणि पुढच्या चित्राशी गप्प व्हायची. मग श. मला वाटलं, विसरली. दुसरीला विचारलं, तीही गप्प. चौथीला विचारलं. चौथी छपराकडे बघायला लागली. वांगं म्हणा, म्हणायची. वड म्हणा, म्हणायची. फक्त त्या चित्राशी आलं की तोंडाला कुलूप. ते चित्र वाघाचं होतं.

शेवटी बिरजूनं मला समजावलं, मी पहिलीत असल्यासारखं. तो रानात फिरत असेपर्यंत त्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की त्याला वाटतं, आपल्याला बोलावलं. तो गेल्यावर घेतलं तर चालतं. मी म्हटलं, अरे, आपण मराठीत म्हणणार, त्याला मराठी कुठं येते?

"तो इथलाच हाये, गुरुजी. त्याले गोंडी येते, मराठी येते. तुमीच नवे हाव."

मी सुधारक विचारांचा होतो. अंधश्रद्धेवर एक चांगला निबंध मी कॉलेजात लिहिला होता. तरी त्या संध्याकाळपासून मीही मनातल्या मनात "ते जनावर" असं म्हणायला लागलो. श्रद्धा म्हणून नव्हे, खबरदारी म्हणून.

साहेब आले ते ढोलाच्या गजरात, रेंगीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत बसून, मागेपुढे कुऱ्हाडी घेतलेली माणसं. कोट घातलेला, चेहरा पांढरा पडलेला. त्यांना शाळेत पोचवून ती माणसं तशीच मोहाकडे गेली. साहेब उन्हातून अंधारात आले आणि पहिल्याच पावलाला मनकूच्या दोरात अडकले. सावरले. मी त्यांना उन्हाच्या चौकोनाजवळ खाट दिली आणि सांगितलं की अधूनमधून आपल्याला थोडं सरकावं लागेल. त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं, पण सरकले.

वाचन चांगलं झालं. मनकूनं दोर वळत वळत पाढे म्हटले. साहेबांनी आधी दोर ठेवायला सांगितला तर तो दुसऱ्याच पायरीवर घसरला. मी धीर करून म्हटलं, साहेब, दोर हातात राहू द्या. मग तो सुसाट गेला. साहेबांच्या चेहऱ्यावरचा रंग परत येत होता. मला सिंदेवाहीच्या फलाटाचा वास येत होता. आणि साहेबांनी छडी उचलून तक्त्यावर ठेवली. नेमकी तिथंच.

"हे काय आहे?"

पहिली गप्प. साहेब हसले, दुसरीकडे वळले. दुसरी गप्प. तिसरी गप्प. बिरजूनं मान खाली घातली. साहेबांनी चौथीतल्या हुशार पोरीला उभं केलं, मघाशी तिनं सगळा धडा घडाघडा वाचला होता. ती रडकुंडीला आली, पण बोलली नाही.

"मास्तर," साहेब म्हणाले, "चौथीतल्या मुलीला हे येत नाही?"

मी म्हटलं असतं, बोला रे, तर ती बोलली असती. माझा शब्द ती मोडत नसत. पण सगळ्यांचे आई-बाप त्या घटकेला रानात होते. मोहाखाली वाकलेले, पाठ उघडी टाकून. पोरांच्या हिशोबानं एक शब्द उच्चारायचा म्हणजे त्याला त्या पाठींकडे पाठवायचं. एका बाजूला माझी सिंदेवाही, आणि एका बाजूला हे. मी गप्प राहिलो. त्या खोलीत त्या क्षणी माझ्याइतकं कोंडलेलं कुणी नव्हतं.

तेवढ्यात पाटीवर लेखणीचा आवाज झाला. सोमी लिहीत होती. साहेबांचं तोंड तिनं पाहिलं होतं, प्रश्न तिला कळला होता, आणि प्रश्न आला की पाटीवर उत्तर लिहायचं ही तिची रोजची रीत. नाव घ्यायचं नाही हे तिला कुणी कधी सांगितलं होतं की नव्हतं, ते मला अजूनही माहीत नाही. तिनं पाटी वर धरली. वाघ. काना थोडा वाकडा.

सगळी पोरं पाटीकडे बघत राहिली, मग दाराकडे. बाहेर काही हललं नाही. बिरजू हळूच म्हणाला, "लिहून चालते. त्याले वाचता कुठी येते?"

आणि खोलीभर लेखण्यांची खरखर सुरू झाली. एकेक पाटी वर येत गेली. चौथीची, तिसरीची, दुसरीची. मनकूनं दोर तोंडात धरला आणि लिहिलं. पहिलीतल्या एका चिमुरड्याला अजून अक्षर जमत नव्हतं, त्यानं नुसते पट्टे काढले आणि तेही उंच धरले. कुणी एक शब्द बोललं नाही. अंधारात पाट्याच पाट्या.

साहेबांनी विचारलं, तोंडानं का नाही सांगत? मी चाचरत कारण सांगितलं, आणि आता अंधश्रद्धेवर व्याख्यान ऐकावं लागणार म्हणून मान तयार ठेवली. त्यांनी एवढंच विचारलं, यांची घरची माणसं आत्ता कुठं आहेत? मी म्हटलं, मोहाला, साहेब. रानात. साहेबांनी छडी खाली ठेवली. "मग राहू द्या," म्हणाले, आणि पुढचं अक्षर विचारलं.

परीक्षा संपेपर्यंत ऊन पूर्वेच्या भिंतीला चढलं होतं. माणसं परतली होती, रेंगी जोडलेली होती. साहेबांनी मला बाजूला घेतलं. सिंदेवाहीकडची जागा रिकामी झालीये, म्हणाले, मी तुमचं नाव सांगू शकतो. "पण ते... ते जनावर इथं आहे तोवर तुमच्या जागी कोणी यायला तयार होणार नाही. शाळा बंद राहील. तुम्हीच बोला, वर काय सांगू?"

मी तोंड उघडलं ते सिंदेवाही म्हणायलाच. आजही शपथेवर सांगतो. पण निघालं ते असं की, पावसाळ्यापर्यंत राहतो. साहेब म्हणाले, पावसाळ्यात नदी कुणाला सोडते? मी म्हटलं, बरं, मग दिवाळीपर्यंत. ते म्हणाले, दिवाळीला वर्ग अर्ध्यावर असतात. मी म्हटलं, मग पुढच्या परीक्षेपर्यंत. माझ्या दाराला मीच एकेक अडसर घालत होतो आणि साहेब नुसते मान डोलवत उभे होते. रेंगी निघून गेली. ढोलाचा आवाज चाकोरीवरून दूर गेला. मी आत आलो तर पोरांना वाटलं, माझं काही तरी हरवलंय.

चैत्राच्या शेवटी तो गेला. मेला की रान बदललं, कुणाला ठाऊक. डोलूभाऊंनी स्वतः येऊन तट्टे काढले. ज्या दिवशी दार उघडं राहिलं त्या दिवशी मी काही शिकवलं नाही. पोरं अंगणात उभी राहून रानाकडे तोंड करून दिवसभर वाघ, वाघ, वाघ ओरडत होती. सोमी त्यांच्या तोंडांकडे बघत होती आणि तिचाही घसा त्यांच्या बरोबरीनं काही तरी काढत होता.

सुट्टी लागली आणि मी सिंदेवाहीला निघालो. गडचिरोलीपर्यंत पायी, पुढं गाडी, नाव, रेल्वे. सगळी वाट मी भाषण पाठ करत होतो. बदली झाली नाही हे सांगायचं. मीच होऊ दिली नाही हे सांगायचं की नाही, ते रेल्वेत ठरवायचं होतं. ठरलं नाही. सासूबाईंचं रडणं आवरून झाल्यावर मी ओसरीवर सासऱ्यांपुढं बसलो आणि सुरुवात केली. रान कसं आहे, पाणी कसं आहे, जनावर कसं होतं, वर्षभर तरी सुशीलेला तिथं नेणं कसं धोक्याचं आहे. तिच्या जिवासाठीच मी हे सगळं सोसतोय. सासरे हो हो करत होते. मी रंगात आलो होतो. दार कसं बंद असायचं, मी फटीतून कसा बघायचो, कोंडून घालणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही, असंही म्हणालो.

सुशीला माजघराच्या चौकटीशी उभी होती. लग्न झाल्यापासून आमचं दोघांचं धड बोलणं असं झालेलंच नव्हतं. ती वडिलांसमोर, मोठ्यानं, माझ्याकडे बघत बोलली.

"तुमी तिथी कोंडले होते, मी इथी. रोज पाणी भराले गेली का बाया विचारत, मास्तर नेत काऊन नाई? तुमच्यापाशी निदान पोरं तरी होती."

सासरे पानाचा डबा उगीच उघडून बघू लागले.

"मले कोनी एकदा तरी विचारलं का," ती म्हणाली, "का तू येतं का म्हणून?"

मी विचारलं. ओसरीवर, सासऱ्यांसमोर, तोंड उजेडाकडे करून, सावकाश.

ती वळून आत गेली. आतून पेटी ओढत आणल्याचा आवाज आला.